मिरकाबचं स्टेशन

मंगफ, कुवेत
११ जानेवारी २०२५

कौमे,

हे पत्र तुला पाठवायचं नाही. पाठवायचं ते उद्या लिहीन आणि त्यात साखर घालीन. आज नुसती जळफळ बाहेर काढतेय, नाहीतर सगळी ह्यांच्या अंगावर निघेल आणि त्या बिचाऱ्यांना कळणारही नाही की बाई कशावरून पेटली.

आमच्या खालच्या मजल्यावर आलोक म्हणून एक मुलगा राहतो, पुण्याचाच, इंजिनीअर. इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयासाठी पुस्तकं घेऊन आला. म्हणाला, "काकू, हे बघा, बक्षीस मिळालेलं पुस्तक. तुमच्या त्या डंकन मेलरोजवर आहे." माझ्या डंकनवर, आणि मराठीत! मी ओल्या हातानंच पुस्तक घेतलं. 'डंकन आणि मी'. लेखिका, कौमुदी गद्रे. अगं, मला आधी आनंद झाला! म्हटलं, माझ्या मावसबहिणीनं पुस्तक लिहिलं आणि मला बोलली नाही, लबाड कुठली.

पहिलं पान वाचलं आणि पायाखालची वाळू सरकली. ते माझं पत्र होतं. दुसरं पान, माझं पत्र. त्र्याण्णवपासून नव्व्याण्णवपर्यंत चौसष्ट पत्रं लिहिली मी तुला. पोस्टानं महिना लागायचा म्हणून प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातापाया पडून पाठवली. ह्यांची रिफायनरीत शिफ्ट, मी मंगफच्या दोन खोल्यांत एकटी, कुणाशी बोलायची सोय नाही. संध्याकाळी सहाला इंग्रजी चॅनेलवर 'स्टोनविकचा डॉक्टर' ही पंधरावीस वर्षांपूर्वीची जुनी मालिका लागायची. बंदरावरचा एक डॉक्टर, त्याचं काम डंकन करायचा. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी त्याचं इंग्रजी शिकले. त्याच्या चाहत्यांचं पत्रक स्कॉटलंडहून मागवलं, आणि त्याचा सगळा जन्म तुला लिहून कळवला. मासळी विकणारीचा पोर, सोळाव्या वर्षी फिरत्या नाटक कंपनीत पडदे ओढायला लागला, मग सात वर्षं टीव्हीवर नुसती मढ्यांची कामं. 'श्वास रोखून पडून राहायचे पैसे मिळतात, आणि आपण जिवंत असून ते करतोय याची लाज वाटते.' हे त्याचं वाक्य मी मराठीत आणलं, चार रात्री घालून. तुझ्या पुस्तकात ते मागच्या कव्हरवर आहे.

तेही गिळलं असतं गं. पण पान एकशे बारा.

पंचाण्णवचा एप्रिल. मला आठवा संपत आलेला. त्या दिवशी डंकनचा शेवटचा भाग होता, डॉक्टर बोटीवरून पडून बुडतो तो. सहाला मालिका सुरू झाली आणि मला कळा. शेजारी आफिया होती, तिच्याकडे गाडी होती, भिंतीवर थाप मारली असती तरी धावत आली असती. मी नाही मारली. म्हटलं, एवढा भाग संपू दे. पन्नास मिनिटं. भाग संपला, मग दार वाजवलं. हॉस्पिटलात डॉक्टरीण म्हणाली, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. मुलगी होती. मी मनातल्या मनात तिचं नाव ओवी ठेवलं होतं. पुढे माझी कूस उजवली नाही ती नाहीच. ह्यांना मी सांगितलं की कळा सातला सुरू झाल्या. तीस वर्षं तेच सांगत आलेय. जगात खरं फक्त तुला लिहिलं.

आणि तू ते छापलंस. 'मला कळा सुरू झाल्या.' 'माझी ओवी.' दोन धडधाकट मुलगे आहेत तुला, बाई! तुला माझं मेलेलं पोरही पुरलं नाही?

हे मराठी पुस्तक हातात धरत नाहीत, आणि धरलंच तरी तुझी गोष्ट समजून वाचतील, तेवढं माझं नशीब. पण तुला मी सोडणार नाही. डंकनचा घात त्याच्या मित्रानं केला तेव्हा डंकन एकोणीस वर्षं थांबला होता. मला तेवढा धीर नाही.

शैला

*

मंगफ
१२ जानेवारी २०२५

प्रिय कौमुदी,
सप्रेम नमस्कार.

किती वर्षांनी लिहितेय! आलोकनं तुझं पुस्तक आणून हातात ठेवलं आणि ऊर भरून आला. आपल्या दोघींत शाळेपासून हुशार तूच. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, त्यामुळे अजून वाचता आलेलं नाही, नुसतं कव्हर कुरवाळून ठेवलंय. पण पुरस्कार मिळाला म्हणजे सुंदरच असणार. माझ्या जुन्या पत्रांतलं काही तुझ्या उपयोगी पडलं असेल तर मला धन्य वाटेल हो. मला मेलीला कुठे लिहिता येतं!

आमच्या मंडळाची सेक्रेटरी प्रियांका विचारत होती की महाराष्ट्र दिनाला पाहुणं कुणाला बोलवावं. मी तुझं नाव सुचवलंय. दोन मेला शुक्रवार येतो. येशील ना? राहायचं आमच्याकडेच.

उत्तर आलोकच्या आईकडे दे, तिच्याकडून त्याला पोचतं. फोनवर नको बाई, आपली पत्रांची मजा त्यात नाही.

तुझीच,
शैला

*

पुणे
६ फेब्रुवारी २०२५

माझी लाडकी शैले,

तुझं अक्षर पाहिलं आणि डोळे भरून आले. खरं सांगते, पुस्तक निघाल्यापासून माझ्या मनात धाकधूक होती. तुला कळवावं, कळवावं म्हणताना राहून गेलं. तुला राग येईल असं वाटत होतं, आणि तू तर ही अशी! ऋणनिर्देशात 'कुवेतच्या माझ्या बहिणीचे आभार' असा तुझा उल्लेख आहे, पाहशीलच.

पुस्तकात मी काही ठिकाणी 'मी कुवेतला बहिणीकडे राहिले असताना' असं लिहिलंय. ललित लेखनात इतकं स्वातंत्र्य घ्यावं लागतं. अनुभव कुणाचा याला महत्त्व नसतं, तो शब्दांत कोण उतरवतं त्याला असतं.

कुवेतचं निमंत्रण मिळालं. येणार म्हणजे येणार! आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहे आणि ह्यांना आत्तापासून ताप आलाय. प्रकाशकांचं म्हणणं, दुसरी आवृत्ती तिथेच प्रकाशित करू, शंभर प्रती पाठवू. पण त्यांनी एक खोट काढली. म्हणाले, 'पुस्तकाचं नाव डंकन आणि मी, आणि दोघांची भेट कुठेच नाही.' शैले, तो कधी कुवेतला आला होता का गं? तुला काही आठवत असेल तर कळव. एक प्रकरण झालं तरी पुस्तक उभं राहील. मी कॉम्प्युटरला हात लावत नाही, तुला माहीतच आहे, आणि त्या बिचाऱ्याबद्दल तिथेही चार ओळींपेक्षा जास्त काही नाही असं धाकटा म्हणतो.

तुझीच,
कौमुदी

*

मंगफ
१ मार्च २०२५

प्रिय कौमुदी,

तू विचारलंस आणि मला हसू आलं. अगं, आला होता! नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात. एका इंग्रज नाटक मंडळीबरोबर दोन प्रयोगांसाठी आला होता. तुला तेव्हा लिहिलं नाही, कारण तुझी पत्रं यायची थांबली होती. आता आठवेल तसं सांगते, तू तुझ्या भाषेत सजव.

रविवार होता. सुट्टीचा दिवस, त्यामुळे सगळं कुवेत नटूनथटून बाहेर पडलेलं. ह्यांना कंटाळा, म्हणून मी एकटीच मंगफहून पावणेपाचची आगगाडी पकडली. बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली. मिरकाबच्या प्लॅटफॉर्मवर उतरले तर समोर स्टेशनच्या घड्याळाखाली डंकन उभा! एकटा, हातात छत्री. तसाच वाकलेला खांदा, तसेच पिंगे डोळे. मी जाऊन मालिकेतलं एक वाक्य म्हटलं आणि तो इतका खूश झाला की म्हणाला, चला, थोडा वेळ बसू. स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या बारमध्ये बसलो. त्यानं वाइन मागवली, मला लिंबू सरबत. आजूबाजूला अरब मंडळी ग्लासं घेऊन गप्पा मारत होती, पियानो वाजत होता.

तिथे त्यानं मला सगळं सांगितलं. तुला ठाऊक आहे ते, पण त्याच्या तोंडून ऐकणं निराळं. रोनाल्ड म्हणजे त्याचा जिवाभावाचा मित्र. फिरत्या कंपनीत एका ताटात जेवलेले, एका घोंगडीत निजलेले. मालिका रोनाल्ड लिहायचा, डॉक्टर डंकन व्हायचा. एकोणऐंशी साली डंकनची आई गेली आणि तो आठ दिवस गावी गेला. रोनाल्डनं तेवढ्यात डॉक्टरला बोटीवरून बुडवला. दुसऱ्याच माणसाला डंकनचा कोट घालून पाठमोरा पाण्यात ढकलला, आणि पुढच्या भागापासून नवा डॉक्टर म्हणून स्वतः उभा राहिला. आईच्या घरात, रद्दीच्या वर्तमानपत्रात डंकनला कळलं की आपण मेलो.

पुढे त्याला कुणी मोठं काम दिलं नाही. सूपच्या जाहिरातीत चमचा धरला, लहान मुलांच्या नाटकात घोड्याचे मागचे पाय झाला. रोनाल्ड मोठा झाला, सिनेमे काढू लागला. अठ्ठ्याण्णव साली त्यानं स्वतःला नायक घेऊन भला थोरला सिनेमा काढला. त्यात एक मुका नोकर होता, एकही वाक्य नाही, म्हणून कुणी घेईना. डंकननं ते काम मागून घेतलं. रोनाल्डला वाटलं, आला शेवटी पाया पडत! आणि डंकन प्रत्येक प्रसंगात त्याच्या पाठीमागे ट्रे धरून नुसता उभा राहिला. रोनाल्ड रडो, ओरडो, मरो, लोक बघत राहिले त्या नोकराचे डोळे. बक्षीस नोकराला मिळालं. घ्यायला गेला तेव्हाही बोलला नाही. रोनाल्डसमोर वाकला, ट्रे धरल्यासारखा हात केला आणि निघून गेला.

मी विचारलं, "राग गेला का?" तो म्हणाला, "बाई, राग गेला असता तर इतकं चांगलं उभं राहता आलं असतं का?"

मग त्यानं मला परतीच्या गाडीत बसवून दिलं. एवढंच. बघ, तुझ्या काही कामाचं असेल तर घे. मला काय करायचंय त्याचं?

तुझीच,
शैला

*

पुणे
४ एप्रिल २०२५

शैले, शैले, शैले!

अगं, तू सोन्याची खाण आहेस! तुझं पत्र मी एका बैठकीत चारदा वाचलं आणि दोन दिवसांत प्रकरण हातावेगळं केलं. नाव दिलंय 'मिरकाबच्या स्टेशनवरची संध्याकाळ'. प्रकाशक म्हणाले, कौमुदीताई, हे सगळ्यांवर कडी. अर्थात ते मी माझ्यावर बेतलंय, म्हणजे घड्याळाखाली डंकनला भेटले ती मी. तुझी हरकत नसणार, तूच म्हणालीस घे म्हणून. लिंबू सरबताचं मात्र मी वाइन केलं. लेखिकेला थोडं मोकळं दाखवलेलं बरं असतं.

पुस्तक छापायला गेलं. शंभर प्रती आधीच कुवेतला रवाना होतील. मी एक तारखेला संध्याकाळी पोचते. भाषणात हेच प्रकरण वाचीन म्हणते, तुमच्याच गावातलं, लोकांना किती जवळचं वाटेल!

आणखी एक. आता तुझे डोळे बरे असतील तर एकशे बारावं पान वाचलं असशील. नसशील तर मी येईपर्यंत वाचू नकोस. त्याबद्दल मला तुझ्याशी समोर बसून बोलायचंय. पत्रात लिहिण्यासारखं नाही ते.

तुझीच,
कौमुदी

*

मंगफ
९ मे २०२५

कौमुदी,

शनिवारी सकाळी मला न सांगता विमानतळावर गेलीस. बॅग न्यायला प्रियांकाला पाठवलंस. बरं केलंस, मी भरूनच ठेवली होती.

हॉलमध्ये तू मान खाली घालून उभी होतीस, त्यामुळे तुला पुष्कळ दिसलं नसेल. म्हणून मी सांगते. मला ते रोज डोळ्यांसमोर आणायला आवडतंय.

आधी विमानतळ. हे गाडी काढायला गेले होते तेवढ्यात तू विचारलंस, "शैले, आगगाडीनं जायचं का? मला ते स्टेशन बघायचंय." मी म्हटलं, आज सुट्टी, गाड्या बंद. तू हो म्हणालीस. मला तिथे खांबाला धरून हसावंसं वाटलं. अगं बये, अख्ख्या कुवेतमध्ये रेल्वे नाही! कधी नव्हती! एक इंचाचा रूळ सापडला तर माझ्या नावानं कुत्रं पाळ. रविवारी इथे सगळे कामावर असतात, सुट्टी शुक्रवारची. आणि दारू? दारू इथे बंद आहे गं, माझ्या जन्माआधीपासून बंद. बाटली सापडली तर माणूस तुरुंगात जातो. तुम्हा पुण्याच्या लोकांना वाटतं आखात म्हणजे एकच, जे दुबईत ते सगळीकडे. मला माहीत होतं तू कुणाला विचारणार नाहीस. विचारलं असतंस तर कबूल करावं लागलं असतं की तू इथे कधी पाय ठेवला नव्हतास.

दोनशे माणसं होती. तू शालू नेसून माईकपुढे उभी राहिलीस आणि आवाज लावलास. 'रविवारची ती सोनेरी संध्याकाळ' म्हणालीस तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. 'मिरकाबच्या फलाटावर गाडी थांबली' म्हणालीस आणि मागून इथल्या अर्दिया भागातल्या सुतारांमधला सखाराम उठला. वीस वर्षं इथे रंधा मारतोय तो. म्हणाला, "बाईनू, तिकीट कितक्याक काढलात?" हॉल फुटला. तरी तुला कळेना! तुला वाटलं दाद मिळतेय. तू हसून पुढे वाचलंस. बारमध्ये शिरलीस, वाइनचा घोट घेतलास, आणि मग पोरंसुद्धा शिट्ट्या मारायला लागली. "काकू, पत्ता द्या!" कुणीतरी ओरडलं. "आम्ही पण येतो!" तेव्हा तू वाचायची थांबलीस.

मग मी उठले. हे माझ्या शेजारी बसले होते, त्यांनाही माहीत नव्हतं मी उठणार ते. मी म्हटलं, ह्या बाई कुवेतला काल पहिल्यांदा आल्या. हे प्रकरण मी रचून दिलेलं आहे. बाकीचं पुस्तक खरं आहे, आणि तेही माझं आहे. माझी चौसष्ट पत्रं आहेत ती. यांना खोटं पाडायचं होतं, पाडलं.

तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. तोंड उघडलंस आणि मिटलंस. काय बोलणार होतीस ते मला ऐकायचं नव्हतं, घरीही नाही, म्हणूनच गुरुवारी रात्री मी तुला एकटी सापडले नाही.

आता माझी मागणी. मंडळाचा अंक जूनमध्ये निघतो, कुवेतमधल्या प्रत्येक मराठी घरात जातो. त्यात तुझ्या सहीनं छापून आलं पाहिजे की हे पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शैलाचं आहे, आगगाडीचं प्रकरण सोडून. ते तुझ्याकडेच ठेव. बाकी एक ओळसुद्धा तुझी राहता कामा नये. माझा डंकन दे आणि माझी ओवी परत दे. ती माझी होती. तिला तुझ्या नावावर मी एक दिवस ठेवणार नाही.

शैला

*

पुणे
२ जून २०२५

शैला,

तू मागितलंस तसं केलं. मंडळाला, प्रकाशकांना आणि इथल्या ज्या वाचनालयानं पुरस्कार दिला त्यांनाही निवेदन पाठवलं. प्रत सोबत आहे. पुरस्कार परत केला. प्रकाशकांनी आगगाडीची पानं फाडून, वर तुझ्या नावाची चिकटपट्टी लावून उरलेल्या प्रती विकायला काढल्यात. तुझ्या हॉलमधल्या प्रतींवर लावायच्या पट्ट्या प्रियांकाकडे पोचल्या असतील. तुझी पत्रं रजिस्टरनं पाठवलीत, चौसष्टच्या चौसष्ट, मोजून घे.

मी चोर आहे. हे मला इथे गल्लीतलं पोरसुद्धा सांगतं आता, तेव्हा त्यावर वाद घालत नाही. मला लिहायचं होतं आणि माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. तुझ्याकडे होतं, आणि तू ते पत्रांत उधळत होतीस. मला तुझा हेवा वाटायचा. झालं समाधान?

पण एकशे बाराव्या पानाचं ऐक. गुरुवारी तुझ्या घरी मी तेच बोलायला तीनदा तोंड उघडलं, तू तीनदा चहा ठेवायला उठलीस.

ते पान मी गाळायला हवं होतं. गाळलं नाही, कारण अख्ख्या पुस्तकात तेच सगळ्यात चांगलं होतं. हे माझं पाप. पण ते तुझ्या नावानं छापता आलं असतं का? 'माझ्या बहिणीनं पन्नास मिनिटं दार वाजवलं नाही' असं? तुझ्या घरात तुझे चंद्रहासराव आहेत ना? म्हणून ते मी माझ्या अंगावर घेतलं. पुस्तक निघाल्यावर माझ्या निखिलनं विचारलं, "आई, आमच्याआधी आम्हाला एक बहीण होती? आणि तू टीव्ही बघत बसलीस?" मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर मग कोण, असं त्यानं विचारलं असतं. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मी पुण्य केलं म्हणत नाही. एका हातानं चोरलं आणि दुसऱ्या हातानं झाकलं, एवढंच.

तुझं पत्र आल्यावर वाटलं होतं की निवेदनात तेवढं एक पान वगळावं. मग तुझं वाक्य पुन्हा वाचलं. एक ओळसुद्धा माझी राहता कामा नये. दोनशे लोकांपुढे तू मला उभी सोललीस, शैले, आणि वर हिशेब चोख मागितलास. तो चोख दिलाय. निखिललाही काल खरं सांगितलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला.

ओवी तुझी होती. घे.

कौमुदी

*

मंगफ
२९ जून २०२५

कौमुदी,

पत्रं मिळाली. चौसष्ट आहेत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, ते मला आता कळलं. तुला कळवणं भाग आहे, कारण दुसरं कुणी नाही. आताही तूच आहेस, हे काय कमी आहे?

अंक दोन आठवड्यांपूर्वी घरोघरी गेला. सकाळपासून फोन. प्रियांकानं हॉलमधल्या प्रतींवर माझ्या नावाच्या पट्ट्या लावल्या, आणि त्यातली एक ह्यांच्या हातात देऊन म्हणाली, "काका, लेखिकेचे मिस्टर तुम्ही, पहिली प्रत तुमची." हे इतके फुलले की विचारू नकोस. लग्नानंतर ह्यांनी एक पुस्तक पुरं वाचलेलं नाही, प्लांटची मॅन्युअलं सोडून. घरी येऊन चष्मा पुसला, मॅन्युअल वाचतात तशी पट्टी घेतली, आणि एकेका ओळीखाली ती सरकवत वाचायला बसले. "तू लिहिलंयस म्हटल्यावर मी वाचणार नाही का?" म्हणाले.

मी पुस्तक कुठे तरी लपवायला हवं होतं. पण मला वाटलं, दहा पानांत झोपतील. आणि खरं सांगू? त्यांना ते वाचताना बघून मला बरं वाटत होतं. मध्येच हसायचे. 'घोड्याचे मागचे पाय' वाचून मला हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, "शैला, एवढं सगळं तुझ्या डोक्यात चाललेलं असायचं आणि मी शिफ्टवरून येऊन झोपायचो." तीस वर्षांत हे असं कधी बोलले नव्हते.

असे तीन दिवस. चौथ्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते. पट्टी सरकायची थांबली. मी मान वर केली नाही.

मग ह्यांनी विचारलं, "तो भाग किती मिनिटांचा होता?"

मी म्हटलं, "पन्नास."

"आफिया घरी होती?"

"होती."

"आणि तू मला सात वाजता म्हणालीस."

त्यांनी पुन्हा ते पान वाचलं, पहिल्या ओळीपासून, पट्टी धरून. शेवटी म्हणाले, "ओवी." नुसतं तेवढंच. तिचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं, आणि ते पुस्तकातून घेतलं, माझ्याकडून नाही.

दहा दिवस झाले. ड्यूटीला जातात, येतात, मी वाढलेलं जेवतात. परवा आपल्या खोलीत आफियाला फोन लावला होता, ती आता हैदराबादला असते. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मंडळाच्या लोकांनी माझा सत्कार ठेवलाय पुढच्या शुक्रवारी, डंकनवर बोला म्हणतात. मी नाही म्हणून कळवलं.

तीस वर्षं त्या पोरीचं सुतक मी एकटीनं धरलं. आता ते धरून बसलेत, आणि मला जवळ येऊ देत नाहीत.

शैला